यूसुफ, तुझ्या नवव्या डब्याबद्दल

हडपसरच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो बरा आहे, पण खाली लिहिलंय, ‘गाड्यांना ताकद देणारा जादूगार हरपला.’ मी रिक्षातून उतरून तो दोनदा वाचला. जादूगार! गेली कित्येक वर्षं तू गिऱ्हाइकांना ‘यात जादूबिदू काही नाही, हवा आहे, नुसती हवा’ असं सांगत आलास, आणि तू गेल्याबरोबर शेजारच्या टायरवाल्यांनी तुला जादूगार करून टाकलं. तू असतास तर शिडी मागवून तो शब्द खोडला असतास. मी नुसतीच उभी राहिले. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, बसताय ना?”

बसवतच नाही रे. घरी नाही, लॅबमध्ये नाही. परवा कर्वेनगरहून चालायला निघाले ती थेट कोथरूडच्या डेपोपर्यंत गेले, आणि कशाला आले ते तिथं पोचल्यावर आठवेना. येणारे-जाणारे विचारतात, कोण होते ते तुमचे? मी ‘वर्गमित्र’ म्हणते. त्यावर लोक मान हलवतात, म्हणजे एवढ्याशा नात्याला एवढं काय, असं.

तर वर्गमित्र. डिप्लोमाच्या मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मुली दोघीच, त्यातली मी हडपसरच्या माळकरी शेतकऱ्याची. तू नाना पेठेतल्या रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या उस्तादांचा मुलगा. वर्कशॉपमध्ये लोखंडी चौकटीवर एक जुनं पेट्रोल इंजिन बसवलेलं होतं. सर बाहेर गेले की तू त्याच्यावरचा फिल्टरचा डबा उचकटून काढायचास. इंजिन घशातून ओरडल्यासारखं ओरडायचं आणि तू माझ्याकडे बघून म्हणायचास, “बघ जाधव, कसं मोकळं झालं!”

“आवाज मोकळा झाला. ताकदीचं काय?”

“नाकात बोळे घालून तुमच्या मळ्यापर्यंत पळून दाखव, मग कळेल ताकदीचं.”

“आणि तू नाक उघडं ठेवून आमच्या गुऱ्हाळाच्या चुलाणापुढं पळून दाखव.”

सगळा वर्ग हसला होता. आपलं भांडण तिथं सुरू झालं. खरं तर दोघंही अर्धे बरोबर होतो. इंजिनाला जेवढी हवा मिळेल तेवढं पेट्रोल नीट जळतं, हे तुझं खरं. पण गरम हवा विरळ असते, तेवढ्याच जागेत कमी मावते, हे माझं. मोकळ्या नाकानं चुलाणाची हवा घ्यायची की अडलेल्या नाकानं थंड हवा घ्यायची, यावर आपण तीस वर्षं काढली.

मी कंपनीत इंजिन टेस्टिंगला लागले, तू हडपसरला गॅरेज टाकलंस. पुढं पोरांमध्ये त्या शंकूसारख्या उघड्या फिल्टरची लाट आली. कंपनीनं दिलेला बंद डबा काढायचा, त्या जागी बॉनेटच्या आत लालभडक शंकू लावायचा. पाय दाबला की गाडी फुत्कारते. तुझ्या दारात रांग लागायची. मी एकदा तुझ्याकडे तापमान मोजायचा सेन्सर घेऊन आले, एका गाडीच्या शंकूजवळ चिकटवला आणि तुला शेजारी बसवून मगरपट्ट्याच्या गर्दीतून फिरवलं. सिग्नलला थांबलो की आकडा चढत जायचा. बाहेर ऊन होतंच, पण शंकू ओढत होता ती हवा रेडिएटरवरून आलेली, त्याहून कितीतरी गरम. कंपनीचा डबा निदान पुढच्या बाजूनं बाहेरची हवा घेतो, हे मी दाखवत होते.

तू आकडा पाहिलास आणि म्हणालास, “जाधव, तुझा थर्मामीटर पोरांना नको असतो. त्यांना गाडी पळाल्यासारखी वाटायला हवी असते.”

“वाटणं आणि पळणं वेगळं.”

“चालवणाऱ्याला कशाला वेगळं?”

त्यावर मी जे केलं, ते आज लिहिताना हात थांबतोय. पण लिहिते.

मी तुला दिवे घाटात बोलावलं. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा. अट अशी की तू तीन वेळा घाट चढायचा, प्रत्येक चढणीआधी मी बॉनेटखाली बदल करणार, तू पाठ करून उभा राहणार, आणि कोणत्या खेपेला गाडी जास्त ओढली ते तू सांगायचं. तू एवढा खात्रीत होतास की गिऱ्हाइकांपैकी सहा-सातजणांना बघायला घेऊन आलास. एका खेपेला मी तुझा शंकू लावला. एका खेपेला कंपनीचा डबा. आणि एका खेपेला तोच कंपनीचा डबा, फक्त त्याच्या नळीतून एक बारीक रबरी पाइप काढून तो तुझ्या पायाशी आणून सोडला होता, टोकाला पातळ पडदा लावून. हवेचा एक कणही जास्त जात नव्हता. आवाज तेवढा आत येत होता.

तिसरी खेप संपवून तू उतरलास तो हसतच. “ही! हिनं ओढली. पहिल्या दोन्हींत तो जोर नव्हता.”

मी सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं. पाइप बोटाच्या चिमटीत धरून दाखवला. घड्याळातल्या वेळाही वाचून दाखवल्या, त्यात तुझा शंकू शेवटचा होता. पोरं खो-खो हसली. तू बॉनेट हलक्या हातानं खाली घेतलंस, दाबून बंद केलंस आणि म्हणालास, “आकडे बरोबर आहेत जाधव.” एवढंच. गाडी घेऊन निघून गेलास. मी परत बघायला आलेल्यांपैकी एकीच्या स्कूटरवरून आले आणि वाटेत मला भारी आनंद झाला होता, हेही लिहून टाकते.

त्यानंतर वर्षभर तू बोलला नाहीस. फोन केला तर “गडबडीत आहे” म्हणून ठेवायचास. मला वाटायचं, येईल. मोजमाप खोटं नव्हतं, मग मी कशाला माफी मागू? पण मोजमापाला सहा-सात माणसं लागत नाहीत, यूसुफ. लॅबच्या बंद दाराआड तुला एकट्याला दाखवता आलं असतं. हे मला त्या वर्षातच कळलं होतं, आणि मी तुला कधीही म्हटलं नाही. पुढं इतक्या दुपारी आपण एकत्र काढल्या, पण घाटाचा विषय तूही काढला नाहीस आणि मीही नाही.

त्या वर्षभरात तू काय करत होतास ते मला नंतर कळलं. मी म्हणाले होते ना, थंड हवा पाहिजे? तू थंड हवेच्या मागे लागलास. लांब पाइप घातलास, फिल्टर बॉनेटमधून काढून थेट पुढच्या बंपरच्या खाली, चाकाशेजारी नेलास. तिथं हवा थंड, यात शंका नाही. गाड्या खरोखर सुधारल्या असतील. डझनभर गाड्यांना तू तो लावलास. आणि मग एका पावसाळ्यात, रस्त्यात गुडघाभर पाणी साठलेलं असताना, तुझ्या गिऱ्हाइकांपैकी एक मुलांच्या डॉक्टरबाई पेशंट बघायला निघाल्या. कंपनीच्या डब्यानं ते पाणी पार केलं असतं. तुझा पाइप पाण्यात बुडालेला होता. इंजिनानं हवेऐवजी पाणी ओढलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला तो पाण्यावर आपटला आणि कनेक्टिंग रॉड वाकला.

मी तोवर कंपनी सोडून कर्वेनगरच्या कॉलेजात लॅब सांभाळायला लागले होते. एका दुपारी तू आलास. ओला रेनकोट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्या टेबलावर ठेवून उलगडलंस. तळहाताहून थोडा मोठा रॉड, मधून केळीसारखा वाकलेला.

“चूक माझी,” तू म्हणालास. “पण थंड हवा पाहिजे हे तूच म्हणाली होतीस.”

“जमिनीला तोंड लावून प्यायला सांगितलं नव्हतं.”

मला वाटलं तू हसशील. तू हसला नाहीस. “थट्टा नको जाधव. त्या बाई छत्री आणि बॅग डोक्यावर धरून पाण्यातनं चालत गेल्या. एक पोरगं तापानं फणफणलेलं होतं. पोचल्या म्हणून बरं.” मग खुर्ची ओढून बसलास. “आता मला नीट शिकव.”

यूसुफ, मी बऱ्याच विद्यार्थ्यांना शिकवलं. असं कोणी येऊन बसलं नाही.

त्या बाईंचं इंजिन तू स्वतः उघडून पुन्हा बांधलंस. मग एकेका गिऱ्हाइकाला फोन करून बोलावलंस आणि तो खालचा पाइप काढून कंपनीचा डबा परत लावून दिलास. दोघा-तिघांनी शिव्या घातल्या. एकजण म्हणाला, काढू नका, मी पाण्यात जाणारच नाही. त्याला तू म्हणालास, “पाणी विचारून येतं का?” आणि त्याच्यादेखत पाना लावलास.

तेव्हापासून आपल्या शनिवारच्या दुपारी सुरू झाल्या. तू तुझी निळी गाडी घेऊन यायचास, सोबत कागदात खारी. गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची, समोर तो मोठा पंखा सोडायचा आणि बॉनेट बंद ठेवून ताकद मोजायची. बॉनेट उघडं ठेवून मोजणारे स्वतःला फसवतात, हे तुला एकदा सांगितलं आणि तू ते गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंस.

तुला एकच गोष्ट करायची होती. कंपनीच्या डब्यापेक्षा बरा डबा, पण गरम हवा न घेणारा, पाणी न पिणारा, आणि धूळ आत न सोडणारा. पहिला पत्र्याचा होता, तो स्वतःच तापायचा. दुसऱ्यात तू तेल लावलेला कापडी फिल्टर घातलास, त्याचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं आणि गाडी उचक्या देत बंद पडायला लागली. तिसऱ्याची हवा मोकळी होती, पण हडपसरच्या बांधकामांची धूळ आत जाऊन नळीच्या तळाशी भुकटी साचली. तू बोटानं ती पुसलीस, चुटकीत चोळलीस आणि म्हणालास, “हे पिस्टनला खाणार.” मग चौथ्यात निमूटपणे कागदी फिल्टरवर परत आलास. पाचवा डबा वरच्या वेगाला छान होता, पण खालची ओढच गेली, चढावर गाडी रडायची. डब्याचा आकार, नळीची लांबी, तोंडाची रुंदी, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं, एक सुधारलं की दुसरं बिघडतं. सहाव्याचं तोंड चुकलं. सातव्याचं झाकण. आठव्याला तू फ्रिजच्या दाराचं रबर कापून लावलंस, तरी एका कोपऱ्यातून बॉनेटची गरम हवा शिरत होती.

आठही वेळा मी तुला आकडा त्याच क्षणी सांगितला. तू पट्टा सोडवत असायचास आणि मी काचेमागून ओरडायचे, “गेला! दीड हॉर्सपॉवर कमी!” एकदा तू रस्त्यात होतास तेव्हा फोन करून सांगितलं. एकदा तुझ्या घरी ईदच्या जेवणाला आले असताना, शाहीनभाभी वाढत असताना सांगितलं. तुझ्या चुका सांगायला मला कधी वेळ लागला नाही.

हे सगळं एकतर्फी नव्हतं. कॉलेजातलं मोठं टेस्ट इंजिन ठोके द्यायला लागलं तेव्हा सगळे म्हणत होते बेअरिंग गेलं, आणि ते जाधव मॅडमनी तेल न बघता चालवल्यामुळे गेलं. तू लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून, टोक इंजिनाला टेकवून, दहा मिनिटं डोळे मिटून उभा राहिलास. “बेअरिंग नाही. तेलाचं कारणच नाही. पुलीचा बोल्ट सैल आहे.” तेवढाच होता. माझी नोकरी त्या दिवशी तुझ्या कानानं वाचवली. माझ्याकडे इतकी यंत्रं, आणि मी तोपर्यंत एकदाही कान लावून ऐकलं नव्हतं.

आवाजाचं आपलं भांडण मात्र राहिलं. तू म्हणायचास, आवाजानं माणसाला सुख होतं, गाडीशी बोलल्यासारखं वाटतं, ते तुझ्या आलेखात का येत नाही? मी म्हणायचे, आलेख ताकदीचा आहे, सुखाचा नाही. तू म्हणायचास, मग गाडी घेतात कशासाठी? दोन्ही बाजूंनी बोलायला अजून खूप होतं. आता मी दोन्ही बाजूंनी एकटीच बोलते, चालता चालता, आणि लोक बघतात.

नववा डबा तू शुक्रवारी बसवून आणलास. तोंड वर, हेडलाइटच्या मागं, पाण्यापासून दूर. सगळा बंद. तुला दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणालास, “गाडी राहू दे. या वेळी तू एकटीच मोज. मी बसनं जाईन काही दिवस.” दारात एकदा वळून पाहिलंस.

शनिवारी मी मोजलं. वरच्या वेगाला दोन हॉर्सपॉवर जास्त. खालची ओढ जशीच्या तशी. आत जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम तीन अंशांनी गरम. मी पडद्याकडे बघत राहिले आणि पहिला विचार आला तो असा: सेन्सर बिघडलाय.

मी सेन्सर बदलला. पुन्हा मोजलं. पेट्रोलवर शंका घेतली, टायरमधल्या हवेवर घेतली. दुसऱ्या दिवशी हवामान वेगळं असेल म्हणून थांबले. तुला एक मेसेज टाकला, ‘सेन्सर तपासतेय, सांगते.’ तुझं उत्तर आलं, ‘सावकाश.’ मला वाटलं, लग्नाच्या गडबडीत आहेस. पुन्हा मोजलं. कंपनीचा डबा परत लावून मोजलं, मग तुझा लावून. आठ वेळा तुला चूक ठरवताना मी एकदाही दुसऱ्यांदा मोजलं नव्हतं. आता तू बरोबर निघालास तर मी अकरा दिवस लावले. याला शास्त्र म्हणतात असं मी त्या दिवसांत स्वतःला सांगत होते. थोडं शास्त्र असेलही. बाकीचं काय होतं ते मला माहीत आहे, आणि तुलाही माहीत असणार.

बाराव्या दिवशी दुपारी शाहीनभाभीचा फोन आला. गॅरेजमध्ये चहा पिता पिता तू बाकावर आडवा झालास, एवढंच तिला सांगता आलं.

तुझी गाडी माझ्याकडेच राहिली होती. आज ती पोचवायला मी स्वतः चालवत नेली. कर्वेनगर ते हडपसर, सगळी गर्दी. खरं सांगते, मला काहीही जाणवलं नाही. दोन हॉर्सपॉवर गर्दीत जाणवत नाहीत. पुलावर थोडी मोकळी जागा मिळाली तेव्हा पाय दाबला, आणि तेव्हाही मी काचा वर करून रडत होते, त्यामुळे साक्ष म्हणून माझा उपयोग नाही.

भाभीनं दार उघडलं. घरात माणसं होती, ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आकडा आला होता, चांगला आला होता, अकरा दिवस माझ्याकडे पडून होता, मी सांगितला नाही. मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, “त्यांना माहीत होतं की, सुरेखाताई.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. चूक निघाली की तुमचा फोन त्याच दिवशी येतो. या वेळी आठवडा झाला तरी आला नाही, तेव्हा मला म्हणाले, जमलं बहुतेक. जाधव चूक शोधतेय आणि तिला सापडत नाहीये.”

“मग त्यानं मला फोन का नाही केला?”

“मी म्हटलं त्यांना, करा ना, विचारून टाका. तर म्हणाले, नको. तिच्या तोंडून ऐकायचंय. तिला वेळ लागेल, लागू दे.” मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “रोज जेवताना फोन उजव्या हाताशी ठेवायचे.”

मी बाहेर आले. घरी जायची बस सोडली, दुसरीही सोडली, आणि थांब्यावरच हे लिहीत राहिलेय. लोक म्हणतील, त्याला कळलं होतं ना, मग झालं. तुला कळलं होतं याचा मला आधार वाटायला हवा, आणि एखादा मिनिट वाटतोही. पुढच्या मिनिटाला तो उजव्या हाताशी ठेवलेला फोन दिसतो. तू माझी वाट पाहत होतास आणि मी टायरमधली हवा तपासत होते.

घाटात मी चुकले. तो पाइप मी लोकांसमोर दाखवायला नको होता. हे एक.

आणि दुसरं, जे तुला माझ्याच तोंडून हवं होतं. सहा-सात माणसं आज इथं नाहीत, नुसता बसथांबा आहे, तरी मोठ्यानं म्हणते. मी सात वेळा मोजलं, यूसुफ. सातही वेळा तू बरोबर होतास.